‘झीज’ : एका शब्दाचा आणि एका अस्थिविकाराचा इतिहास

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनप्रदेशी जिल्ह्यांत बोलीतील शब्द जमवीत हिंडत असताना प्रस्तुत लेखकास एक अनुभव वारंवार आला. शरीराच्या अवयवांची नावे विचारावयास सुरुवात केली, की पाठ, कंबर, खुबा, गुडघा हे शब्द सांगता सांगता घरातील वडीलधारी बाई उठून आत जाते आणि क्ष-किरण छायाचित्राचे पाकीट घेऊन बाहेर येते. पाकिटावरचा मजकूर तिला वाचता येत नाही. परंतु त्याचा निष्कर्ष तिला तोंडपाठ असतो. ‘हाडाची झीज झाली आहे’, एवढे ती सांगते. शेजारच्या घरी गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याचेही निदान हेच असते. तिसऱ्या घरी पंचविशीतला मुलगा लंगडत असतो. त्याच्याही खुब्याची झीजच झालेली असते.

या एका शब्दप्रयोगाने निदान पाच निरनिराळे विकार एकाच पोत्यात भरले आहेत, आणि त्यांतील ज्या विकाराला तो सर्वांत कमी लागू पडतो त्याच विकाराच्या रुग्णाचे त्याने सर्वांत अधिक नुकसान केले आहे, असे लेखकाचे मत आहे. तो विकार म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. यात हाडाचा बाह्य आकार कायम राहतो, पण आतील जाळीदार रचना विरळ होत जाते आणि मग साध्या पडण्याने, कधी वाकून घागर उचलण्यानेही, हाड मोडते. मोडेपर्यंत ते बहुधा दुखत नाही. लेखक वैद्य नाही. शब्दांचा अभ्यासक आहे. तेव्हा रोगाकडे तो शब्दाच्या वाटेने जाणार, हे वाचकांनी गृहीत धरावे.

प्रथम ‘झीज’ हा शब्द पाहू. संस्कृतातील ‘क्षि’ धातूचे कर्मणी रूप ‘क्षीयते’. त्याचे प्राकृत रूप ‘झिज्जइ’, आणि त्यावरून मराठी ‘झिजणे’. ‘क्ष’चा सामान्यतः ‘ख’ होतो, पण क्वचित ‘छ’ अथवा ‘झ’ही होतो, हे हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात बाराव्या शतकातच नोंदविले आहे; ‘क्षर’पासून ‘झरणे’ हे त्याच जातीचे उदाहरण. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘क्षय’ आणि ‘झीज’ हे सख्खे भाऊ होत. ‘अस्थिक्षय’ ही आयुर्वेदाची संज्ञा आणि ‘हाडांची झीज’ हा आजच्या दवाखान्यातील शब्दप्रयोग, हे अक्षरशः एकमेकांचे भाषांतर आहे.

परंतु भाऊ वेगळे निघाले, आणि दोघांनीही वाटेत आपला अर्थ बदलला. ‘क्षय’ हा शब्द राजयक्ष्म्याने बळकावला. आज मराठीत ‘हाडाचा क्षय’ म्हटले की जंतुजन्य क्षयरोग हाच अर्थ निघतो. १७७९ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉटने वर्णिलेले मणक्याचे कुबड ते हेच. ‘झिजणे’ याचा मूळ अर्थ कमी होत जाणे, क्षीण होणे एवढाच होता. मराठीत त्याला घासण्याची कल्पना चिकटली. चंदन सहाणेवर झिजते, वहाण चालून झिजते, नाणे हातोहाती फिरून झिजते. झीज म्हणजे वापराने होणारी तूट. हा अर्थबदल लहान दिसतो. त्याचे परिणाम मात्र लहान नाहीत. त्याकडे पुढे वळू.

‘हाड’ आणि ‘अस्थी’ यांच्याविषयीही येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. ‘हाड’ हा प्राकृत ‘हड्ड’वरून आलेला, जिवंत माणसाचा शब्द आहे. हाडाचा शेतकरी, हाडवैर, हाडाची काडे करणे, हाडापेराने मजबूत असणे, या सर्व प्रयोगांत हाड म्हणजे माणसाचा अंतस्थ कस. ‘अस्थी’ हा शब्द मात्र मराठी माणसाच्या तोंडी येतो तो चितेनंतर. अस्थी गोळा करावयाच्या असतात आणि नदीत सोडावयाच्या असतात. परिभाषाकारांनी घडविलेले अस्थिसुषिरता, अस्थिविरलता, अस्थिसच्छिद्रता हे शब्द शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहेत. पण ते वैनगंगेकाठच्या एखाद्या म्हातारीपुढे उच्चारून पाहावेत. तिला आपल्या मरणोत्तर क्रियेची वार्ता ऐकल्यासारखे वाटेल.

प्राचीन वैद्यकग्रंथांत या विकाराचे ज्ञान होते काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा अभिमानाने दिले जाते. थोडे सावधपणे पाहिले पाहिजे. चरकाने अस्थींची संख्या ३६० दिली आहे, सुश्रुताने ३००. या गणनेचा मेळ घालण्यासाठी रुडॉल्फ हर्न्ले याने १९०७ मध्ये एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. अस्थिक्षयाची लक्षणे म्हणून केस, नखे व दात गळणे आणि सांधे शिथिल होणे ही सांगितली आहेत. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे शब्द मज्जाक्षयाच्या वर्णनात येतात. सुश्रुत तेथे ‘अस्थिशून्यता’ म्हणतो, वाग्भट अस्थींच्या ‘सौषिर्या’चा उल्लेख करतो, आणि चरक अशा अस्थी दुर्बळ व हलक्या होतात असे सांगतो. सुषिर म्हणजे पोकळ, छिद्रयुक्त. बासरीला सुषिर वाद्य म्हणतात ते याच अर्थाने. याखेरीज सुश्रुताने कांडभग्नाचे म्हणजे हाड मोडण्याचे बारा प्रकार वर्णिले असून, तरुणपणी जे हाड एका महिन्यात सांधते त्याला मध्यम वयात दुप्पट व उतारवयात तिप्पट काळ लागतो, असा हिशेबही दिला आहे. एवढ्यावरून त्या काळी हा रोग आजच्या अर्थाने ओळखलेला होता असे म्हणता येणार नाही. वृद्ध स्त्रीचा मोडलेला खुबा आणि अस्थींचे सौषिर्य या दोन गोष्टी त्या ग्रंथांत वेगवेगळ्या अध्यायांत राहिल्या आहेत. त्यांची गाठ कोणी घातलेली दिसत नाही. पण ‘सौषिर्य’ ही प्रतिमा अचूक होती. ‘झीज’ या शब्दाने आपण जी गमावली ती हीच.

युरोपातही गाठ पडण्यास वेळ लागला. लंडनचा शस्त्रवैद्य ॲस्टली कूपर याने १८२२ च्या आपल्या ग्रंथात उतारवयातील, विशेषतः स्त्रियांच्या, मांडीच्या हाडाची मान मोडण्याचा संबंध हाड पातळ व विरळ होण्याशी जोडला; पण त्याने रोगाला नाव दिले नाही. नाव दिले स्ट्रासबुर्गच्या योहान लोबष्टाइन याने, १८२९ ते १८३३ या काळात प्रसिद्ध झालेल्या विकृतिशास्त्रावरील ग्रंथात. काही मृतांच्या हाडांतील छिद्रे नेहमीपेक्षा मोठी दिसली म्हणून त्याने ग्रीक शब्दांवरून ‘सच्छिद्र अस्थी’ अशा अर्थाची संज्ञा बनविली. संस्कृत ‘सौषिर्य’ आणि ग्रीकोद्भव ‘पोरोसिस’ हे दोन स्वतंत्र मार्गांनी एकाच उपमेवर येऊन पोहोचले, हे भाषाभ्यासकाला तरी विशेष वाटावे.

१८८५ मध्ये गुस्ताव्ह पोमर याने सूक्ष्मदर्शकाखाली एक निर्णायक भेद केला. हाड मऊ होणे वेगळे आणि हाड विरळ होणे वेगळे. पहिल्यात हाडाचा सांगाडा असतो पण त्यात चुना भरलेला नसतो; ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावी हे घडते. दुसऱ्यात जे हाड आहे ते नीट घडलेले असते, पण तेच कमी असते. भिंत ओली असणे आणि भिंतीतील विटाच काढून नेलेल्या असणे यांत जेवढा फरक तेवढा हा फरक आहे. यानंतर १९४० च्या सुमारास बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट याने आपल्या ४२ रुग्णांपैकी ४० जणी ऋतुनिवृत्त स्त्रिया असल्याचे दाखवून स्त्रीसंप्रेरकाच्या अभावाकडे बोट दाखविले. १९८७ मध्ये हाडाची घनता मोजणारे दुहेरी क्ष-किरणांचे यंत्र उपयोगात आले, आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने व्याख्या केली : निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीपेक्षा घनता प्रमाण विचलनाच्या २.५ पट किंवा त्याहून खाली गेली, की ऑस्टिओपोरोसिस. तेव्हापासून हाड मोडण्यापूर्वीच रोग ‘दिसू’ लागला. ही तरुण स्त्री कोणती, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. मूळ मापदंड गोऱ्या स्त्रियांचे होते. शिवाय हे यंत्र हाडाची छाया मोजते, त्यामुळे मुळातच लहान चणीच्या स्त्रीचे हाड ते आहे त्याहून विरळ दाखविते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १९६४ पर्यंत ज्याला चांदा म्हणत आणि ज्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्या या प्रदेशात वाकलेली पाठ ही एका रोगाची खूण धरता येत नाही. ती तशी धरली जाते, ही तर अडचण आहे.

पहिली गोष्ट पाण्याची. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेबाहेर आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम हे इष्ट, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा. विहिरींच्या जागी खोल विंधणविहिरी व हातपंप आले तेव्हा पाणी जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित झाले. काही ठिकाणी मात्र ते खडकातील फ्लोराइड घेऊन वर आले. त्याने दात डागाळतात, आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेल्यास मणक्यांचे बंध चुन्याने कडक होऊन पाठ काठीसारखी ताठ अथवा कमानीसारखी वाकडी होते. अशा माणसाचे हाड क्ष-किरण चित्रात विरळ दिसत नाही. उलट ते अधिक दाट दिसते. भारतात हा विकार प्रथम १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लूर जिल्ह्यात वर्णिला गेला. त्याच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ मध्ये सुरू झाला.

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे, कारण वैद्यकाच्या इतिहासातील एक विलक्षण विरोधाभास या मुलखाच्या विहिरीशी येऊन मिळतो. फ्लोराइडने हाड दाट होते, हे पाहून १९६१ मध्ये रिच आणि एन्सिंक या अमेरिकन संशोधकांनी सोडियम फ्लोराइड हे ऑस्टिओपोरोसिसवर औषध म्हणून देऊन पाहिले. पुढे सुमारे तीन दशके ते अनेक देशांत दिले गेले. अखेर १९९० मध्ये मेयो क्लिनिकच्या रिग्ज यांनी २०२ स्त्रियांवरील चार वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड घेणाऱ्या स्त्रियांच्या कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली होती. पण मणके मोडण्याचे प्रमाण लक्षणीय कमी झाले नाही, आणि इतर हाडे मोडण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट झाले. ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइडमध्ये फ्लोराइड असते सुमारे ३४ मिलिग्रॅम. लिटरमागे ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात शेतावर राबणारे माणूस दिवसाकाठी ५ लिटर प्याले, तर त्याच्या पोटात १५ मिलिग्रॅम जाते. तेही चार वर्षे नव्हे, तर चाळीस वर्षे. दाट हाड म्हणजे बळकट हाड नव्हे, हे शास्त्राला १९९० मध्ये कळले. चंद्रपूरच्या खेड्यात ते पाठीवर लिहिलेले होते. वाचणारे कोणी नव्हते.

दुसरी गोष्ट रक्ताची. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार या मुलखातील अनेक समाजांत आढळतो; विदर्भातील त्याचे अस्तित्व १९५८ मध्येच नागपूरच्या संशोधकांनी नोंदविले होते. या विकारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवितात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा असा तुटला, की तो गोळा मरतो आणि ढासळतो. आरंभी सांगितलेला पंचविशीतला लंगडणारा मुलगा या वर्गातील असू शकतो. त्याला ‘झीज’ म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, तर त्याची रक्ततपासणी आणखी काही वर्षे लांबणीवर पडते.

मणक्याचा क्षयरोग आणि गुडघ्याच्या सांध्यातील कूर्चेचा संधिवात यांचा उल्लेख पुरे. यांपैकी गुडघ्यालाच काय तो ‘झीज’ हा शब्द बऱ्यापैकी शोभतो. आणि बहुधा तेथूनच तो सगळ्या सांगाड्यावर पसरला.

मग या गर्दीत खरा ऑस्टिओपोरोसिस कितीसा? या दोन जिल्ह्यांच्या शेजारी, प्राणहिता व गोदावरी ओलांडून गेले की तेलंगण लागते. तेथील हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत वीणा शत्रुघ्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्याला सर्वांत जवळचा आहे. अल्प उत्पन्न गटातील ३० ते ६० वर्षांच्या २८९ स्त्रियांची हाडे त्यांनी मोजली. ५२ टक्के स्त्रियांत घनता कमी भरली, आणि २९ टक्के स्त्रियांत ती रोगाच्या व्याख्येत बसण्याइतकी खाली होती. वर सांगितलेला चणीचा आक्षेप लक्षात घेऊन हे आकडे थोडे कमी धरले, तरी ज्या वयात पाश्चात्त्य ग्रंथांत हा रोग जवळजवळ नसतो त्या वयातले ते आहेत, हे विसरता येत नाही. या स्त्रियांच्या आहारात दिवसाला कॅल्शियम होते सुमारे २७० मिलिग्रॅम. भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेने प्रौढांसाठी २०१० मध्ये ६०० मिलिग्रॅमची शिफारस केली होती. २०२० मध्ये ती १००० वर, आणि ऋतुनिवृत्त स्त्रियांसाठी १२०० वर नेली. कागदावरचा आकडा वाढला. ताटात काय वाढले, हे वेगळे पाहावे लागेल.

झाडीपट्टीचे मुख्य अन्न भात. त्यात कॅल्शियम नाममात्र. भामरागड-एटापल्लीकडील माडिया समाजात गाईचे दूध काढून पिण्याची परंपरा नव्हती. दूध वासराचे मानले जाई. त्या समजुतीत करुणा आहे, आणि ती बदलण्याचा उपदेश करणारे आपण कोण, असा संकोचही वाटतो. पण दुधाखेरीजही वाटा आहेत आणि त्या परक्या नाहीत. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी व सुकट, शेवग्याचा पाला, पावसाळ्यातील तरोट्याची कोवळी भाजी, हे सर्व या मुलखाचेच अन्न आहे. रेशनच्या तांदळाने पोटाची काळजी मिटविली. पण त्याचबरोबर भरड धान्य मागे पडले. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात येथील स्त्रियांचे झाडांविषयीचे ज्ञान संकलित केले आहे. त्या धर्तीवर हाडांना पोसणाऱ्या अन्नाची बोलीतील नावे जमविण्याचे काम आपल्या विभागाच्या विद्यार्थ्यांना करता येण्यासारखे आहे.

जाता जाता चुन्याविषयी. ‘चुना खाल्ला की हाड बळकट’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि चुन्यात कॅल्शियम असते हे खरे. पण या दोन जिल्ह्यांत चुना पोटात जातो तो बहुधा खर्ऱ्यातून, तंबाखूच्या सोबतीने, आणि तंबाखू हाडाचा वैरी आहे. दारूचेही तसेच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. त्या चर्चेत यकृताचा, संसाराचा, गुन्ह्यांचा विचार झाला. हाडाचा विचार कोणाला सुचला असेल असे वाटत नाही.

आता ‘झीज’ या शब्दाच्या परिणामांकडे परत येतो. झिजणारी वस्तू जपून वापरावयाची असते. वहाण झिजू नये म्हणून माणूस ती हातात घेऊन चालतो. तेव्हा हाडाची झीज झाली असे ऐकल्यावर घरचे लोक काय करतील? रुग्णाला निजवतील. शब्दातच तो सल्ला दडलेला आहे. तो वैद्याने वेगळा द्यावा लागत नाही. आणि हाडाच्या बाबतीत तो नेमका उलटा आहे. हाड भाराप्रमाणे घडते, हे बर्लिनच्या यूलियस वोल्फ याने १८९२ मध्येच मांडले. १९४८ मध्ये अमेरिकेत चार निरोगी तरुणांना सहा-सात आठवडे कमरेपासून खाली प्लास्टरमध्ये ठेवून पाहण्यात आले. त्यांच्या मूत्रातून जाणारे कॅल्शियम दुपटीच्या घरात गेले. हाड वापराने संपत नाही. पडून राहिल्याने संपते.

लेखकाची एक मावशी वैनगंगेकाठच्या गावी राहत असे. साठीच्या आसपास तिची पाठ दुखू लागली आणि उंची कमी झाल्यासारखी दिसू लागली. एका दवाखान्यात ‘झीज’ सांगितली. आम्ही सर्वांनी प्रेमाने तिचे सारे बंद केले : रोवणी बंद, पाणी भरणे बंद, अंगण झाडणे बंद. ती खाटेवर बसून राहिली आणि दिवसेंदिवस क्षीण झाली. दोन वर्षांनी न्हाणीतील दगडावर पाय घसरून तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रियेसाठी तिला नागपूरला न्यावयाचे की नाही, या वयात सोसेल काय, याचा खल करण्यात आम्ही आठ दिवस घालविले. ती पुन्हा उभी राहिली नाही. तिच्या मणक्याचे हाड तेव्हाच दबलेले होते, तिची उंची कमी झाली होती ती त्यामुळे, आणि त्याच वेळी उपाय करता आला असता, हे लेखकाला पुष्कळ वर्षांनी या विषयाचे वाचन करताना कळले. मणक्याचे असे दबणे बहुतेक वेळा कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्यासाठी यंत्रच लागते असे नाही. दाराच्या चौकटीवर लेकरांची उंची खुणेने नोंदविण्याची चाल घरोघरी आहे. त्याच चौकटीवर आजीचीही खूण वर्षातून एकदा केली, तर दोन-चार सेंटिमीटरचा फरक कोणालाही दिसेल.

उपायांविषयी थोडक्यात, कारण ते वैद्याचे क्षेत्र आहे. स्त्रीसंप्रेरके देण्याचा प्रघात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीनंतर मागे पडला. हाडे कमी मोडली, पण स्तनाचा कर्करोग व पक्षाघात यांचा धोका वाढलेला आढळला. १९९५ पासून अलेंड्रोनेट हे औषध प्रचारात आहे. हाड खाऊन टाकणाऱ्या पेशींना ते आवरते. आठवड्यातून एक गोळी, रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हावयाचे नाही; नाही तर अन्ननलिकेला जखम होते. ही सूचना चिठ्ठीवर इंग्रजीत असते, आणि गोळी चहाबरोबर घेतली जाते. झोलेड्रोनिक आम्ल वर्षातून एकदा शिरेतून देता येते. जेथे दवाखाना नदीपलीकडे आहे तेथे याचा अधिक विचार व्हावा. कोणतेही औषध द्यावयाचे ते ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियम यांची उणीव भरून काढूनच. आणि पडू न देणे हाही उपचारच आहे : मोतीबिंदू काढणे, न्हाणीतील शेवाळ घासणे, रात्री दिवा ठेवणे. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राणी व अभय बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’च्या शोधग्राम येथील रुग्णालयात मुंबईच्या मणकातज्ज्ञांच्या साहाय्याने पाठीच्या विकारांवर उपचार होऊ लागले आहेत. अर्थात तेथे कोणी पोहोचायचे, तर आधी आपल्याला म्हातारपणाव्यतिरिक्त काही झाले आहे असे वाटले पाहिजे. १९८९ मध्ये राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांच्या स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली तेव्हा ९२ टक्के स्त्रियांत कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला होता, आणि त्यांपैकी फार थोड्या जणींची पूर्वी कधी तपासणी झाली होती. ज्या दुखण्याला शब्द नाही ते दुखणे दवाखान्यात जात नाही. ज्याला चुकीचा शब्द आहे ते जाते, आणि चुकीचे औषध घेऊन परत येते.

तेव्हा योग्य शब्द कोणता? ‘ठिसूळ’ हा वृत्तपत्रांनी रूढ केला आहे आणि तो ‘झीज’पेक्षा पुष्कळ बरा, पण ठिसूळ म्हटले की बिस्किट किंवा मातीचे भांडे डोळ्यांपुढे येते, आतील रितेपणा येत नाही. ‘पोकळ’ म्हणावे तर लांब हाडे मुळात पोकळच असतात, आणि बांबूच्या या मुलखात पोकळ वस्तू कमकुवत असते असे कोणी मानीत नाही. लेखकाला धानाच्या बांधीत एक शब्द सापडला : पोचट. पोचट दाणा बाहेरून इतर दाण्यांसारखाच असतो. टरफल शाबूत, आकार तोच, आत गर नाही. धान निसवल्यावर दाणा भरण्याच्या दिवसांत पाण्याचा ताण पडला की तो तसा राहतो, आणि उपणताना हलका म्हणून वाऱ्याबरोबर निघून जातो. चरकाच्या दुर्बळ व हलक्या अस्थी, वाग्भटाचे सौषिर्य आणि लोबष्टाइनची सच्छिद्रता, या तिन्ही कल्पना या एका शेतकरी शब्दात नांदतात. शिवाय प्रतिबंधाचा काळही त्यातच सांगितलेला आहे. हाड भरते ते प्रामुख्याने विशीपर्यंत, फार तर तिशीपर्यंत. त्या वयात मुलीच्या ताटात काय पडले आणि तिच्यावर बाळंतपणे किती लवकर लादली गेली, यावर तिची साठी अवलंबून असते.

हा शब्द लेखकाने काही गावांत वापरून पाहिला. ‘हाडे झिजलेली नाहीत, पोचट झाली आहेत’ असे म्हटल्यावर पुढील स्पष्टीकरणाची गरज उरत नसे. चामोर्शीकडील एका गावी मात्र एका वृद्ध बाईने उलट विचारले, ‘मंग पोचट दाना पुन्हा भरते का जी?’ प्रश्न बिनतोड होता. धानाचा भरत नाही. हाड मात्र जन्मभर थोडे थोडे पाडले आणि पुन्हा बांधले जात असते. पाडणे आवरले आणि बांधण्यास माल व भार दिला, तर साठीनंतरही काही टक्के भर पडते, आणि मोडण्याचा धोका त्याहून अधिक प्रमाणात घटतो. उपमा येथे सुटते, एवढेच तिला सांगता आले. तिने थोडा वेळ विचार केला आणि आपली उंची चौकटीवर लावून पाहावयास सांगितली.